नवा एसटीपी ऑपरेटर महिनाभरात कसा तयार करावा

एसटीपीवर, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्लॅंटवर, नवा मुलगा माझ्या हाताखाली आला की पहिला आठवडाभर मी त्याला पॅनलला हात लावू देत नाही. मुलं नाराज होतात. आयटीआय करून आलेली असतात, स्टार्टर, एमसीबी, रिले सगळं ओळखीचं असतं, आणि इथे मॅडम सांगतात, नुसतं बघ. पण एअरेशन टँकमध्ये, म्हणजे हवा सोडलेल्या टाकीत, जे तपकिरी पाणी फिरतंय ते जिवंत आहे, मैला खाणाऱ्या जिवाणूंनी भरलेलं आहे, आणि पंप व हवा सोडणारे ब्लोअर त्याची उठबस करायला ठेवलेत. हे डोक्यात बसायच्या आत बटणं हाती दिली, की मुलगा पुढे वर्षानुवर्षं बटणंच चालवत राहतो.

मी मूळची प्रयोगशाळेतली. एका औद्योगिक वसाहतीच्या सामायिक सांडपाणी प्रकल्पात नऊ वर्षं नमुने तपासले. गेली अकरा वर्षं पुण्यात वाकड, बाणेर, हिंजवडी भागातल्या सोसायट्यांच्या प्लॅंटवर ऑपरेटर शिकवते. हे लिहितेय ते सोसायटीच्या मॅनेजरसाठी, आणि ज्याच्या गळ्यात नवा मुलगा बांधला जातो त्या जुन्या ऑपरेटरसाठी.

पहिल्या दिवशीचा पहिला तास मात्र बघण्याचा नाही, ऐकण्याचा. विषय एकच, गॅस. आपल्याकडचे बहुतेक प्लॅंट बेसमेंटमध्ये असतात. कलेक्शन टँकमध्ये मैला साचून सडला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. थोडा असला तर कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे गॅस गेला, असं वाटतं त्याच क्षणी माणूस सर्वांत जास्त धोक्यात असतो. मी मुलांकडून तीन वाक्यं वदवून घेते: मी टाकीत उतरणार नाही. कुणी सांगितलं तरी उतरणार नाही. आत कुणी पडला तर त्याला काढायलाही मी उतरणार नाही, बाहेरून मदत बोलावीन. तिसरं वाक्य म्हणताना मुलं अडखळतात. मी पुन्हा म्हणायला लावते, कारण अशा अपघातांत दुसरा जीव जातो तो पहिल्याला वाचवायला उतरलेल्याचा.

मॅनेजरने हेही ध्यानात ठेवावं की संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. टाकीची सफाई ऑपरेटरच्या कामात येतच नाही. फ्लोट (पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच) अडकला, पंपात कापड गुंतलं, तर पंप साखळीने वर घ्यायचा. साखळी नसेल तर ती आधी बसवून घ्या, मुलगा मग घ्या.

त्यानंतर खडू. प्लॅंटरूमच्या फरशीवर मुलाने स्वतः पाण्याची वाट काढायची: बार स्क्रीन, कलेक्शन टँक, एअरेशन टँक, सेटलिंग टँक, फिल्टर फीड टँक, सँड फिल्टर, कार्बन फिल्टर, फ्लशची टाकी. प्रत्येक पाइपवर हात ठेवून तो कुठे जातो ते शोधायचं. भिंतीवरच्या छापील नकाशावर विसंबू नका. मी पाहिलेल्या अनेक प्लॅंटमध्ये मागाहून टाकलेली एखादी बायपास लाइन नकाशात नव्हती. हिशेबही तिथेच, फरशीवर. 300 फ्लॅट, घरटी पाच माणसं, माणशी 135 लिटर पाणी; म्हणजे दिवसाला दोन लाख लिटरच्या वर वापर, त्यातलं 80 टक्के तरी आपल्याकडे येणार. आकडा स्वतःच्या हाताने आला की मीटरवर रोज सत्तर हजारच का दिसतात, हा प्रश्न मुलगा आपणहून विचारतो.

दुसरा आठवडा सगळा एका पारदर्शक नळीचा. एक लिटरचा मोजपात्र सिलिंडर, बाजारात काचेचा किंवा प्लास्टिकचा सहज मिळतो. माझं बरंचसं शिकवणं याच्याभोवती फिरतं. कारण साधं आहे. बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचा, रिपोर्ट आपल्याकडे 27 अंशांवर तीन दिवस नमुना ठेवून काढतात. नमुना नेण्या-आणण्यात आणखी दिवस जातात. म्हणजे लॅबचा कागद हातात येतो तेव्हा तो गेल्या आठवड्याबद्दल बोलत असतो. सिलिंडर आत्ताचं सांगतो.

एअरेशन टँकच्या सेटलिंगकडच्या टोकाला, वरचा फेस टाळून, नमुना घ्या. तिथल्या तिथे सिलिंडरमध्ये ओता. उन्हात ठेवू नका, हलवू नका, आणि गाडीतून ऑफिसला तर मुळीच नेऊ नका. पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी आणि तीस मिनिटांनी गाळ, म्हणजे जिवाणूंचा तळाशी बसणारा थर, कुठल्या रेषेवर आहे ते लिहा. तीस मिनिटांचा आकडा 250 ते 400 मिलिलिटरच्या मध्ये, गाळ चॉकलेटी, वरचं पाणी नितळ, तर त्या दिवशी प्लॅंटची चिंता नको. प्लॅंट एमबीबीआर पद्धतीचा असेल तर जिवाणू टाकीत फिरणाऱ्या प्लास्टिकच्या मीडियावर चिकटलेले असतात, तिथे हा आकडा खूपच कमी येतो. त्यावरून घाबरून जिवाणू वाढवायला म्हणून शेण टाकायला धावू नका.

आता बिघाड. गाळ पाच मिनिटांत धाडकन खाली बसला आणि वरचं पाणी गढूळ, बारीक कण तरंगणारं, तर गाळ बहुधा म्हातारा झालाय, काढायला हवा. तीस मिनिटांनंतरही गाळ 800 वरच, तर दोन शक्यता, आणि इथे जुने ऑपरेटरही चुकतात. गाळ फार झालाय, की त्यात दोऱ्यासारखे जिवाणू वाढल्याने तो बसतच नाही? दुसऱ्या सिलिंडरमध्ये अर्धा नमुना, अर्धं नितळ प्रक्रिया केलेलं पाणी घ्या. त्यात गाळ 200 च्या खाली छान बसला, तर तो फक्त जास्त झालाय: फिल्टर प्रेस (गाळ दाबून पाणी काढणारं यंत्र) चालवून जादा गाळ काढा. पातळ करूनही फुगलेलाच राहिला, तर दोऱ्यांचा त्रास आहे, आणि गाळ काढून तो जाणार नाही. हवा कमी पडतेय का, तेल येतंय का, ते शोधा. शेवटी सिलिंडर ओतून न देता तासभर तसाच ठेवा. बसलेला गाळ बुडबुड्यांसकट गोळ्यागोळ्यांनी वर यायला लागला, तर सेटलिंग टँकमध्येही तेच होणार. तळाशी गाळ जास्त वेळ पडून राहतोय, त्यातून नायट्रोजन सुटतोय. रिटर्न स्लज, म्हणजे सेटलिंगमधून पंपाने एअरेशन टँकमध्ये परत पाठवायचा गाळ, वाढवा.

हा बसलेला गाळ मुलांना घाण वाटतो. म्हणून मी त्यांना मँचेस्टरची गोष्ट सांगते. 1914 साली एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी बाटल्यांमधल्या सांडपाण्यात हवा सोडली. पहिल्या खेपेला पाणी पुरतं शुद्ध व्हायला पाच आठवडे लागले. वरचं पाणी त्यांनी ओतून दिलं, तळचा गाळ मात्र ठेवला, त्यावर नवं सांडपाणी घातलं. असं करत करत तेच काम एका दिवसाच्या आत होऊ लागलं. आपला रिटर्न पंप म्हणजे ती बाटली. दह्याला विरजण राखून ठेवतात तसंच, असं एका पोराने मला सांगितलं, तेव्हापासून मीही तसंच सांगते.

नाक आणि डोळे सिलिंडरच्या जोडीला चालू ठेवायचे. निरोगी टाकीला ओल्या मातीचा वास असतो. पांढरा, साबणासारखा फेस म्हणजे गाळ कोवळा किंवा डिटर्जंट जास्त; जाड तपकिरी साय म्हणजे गाळ जुना. टाकीत एकाच जागी पाणी उकळल्यासारखं उसळतंय, तर तिथला डिफ्युझर (तळाशी बारीक बुडबुडे सोडणारी रबरी नळी) फाटलाय. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मी सगळ्या मुलांना फोन करते. आधी घरोघरची सफाई, फिनेल आणि ॲसिड. मग चकल्या-शेवेचं उरलेलं तेल थेट सिंकमध्ये. ऑइल ट्रॅप त्या आठवड्यात रोज काढायचा, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तेलाबद्दल विनंती टाकायची. पाडव्याला निम्मे फ्लॅट गावी गेलेले असतात, तेव्हा जिवाणू उपाशी राहतात. गाळ नेहमीइतका काढू नका.

तिसऱ्या आठवड्यात यंत्रं. हे मुलांना लवकर येतं, म्हणून थोडक्यात: ब्लोअरचं तेल, पट्ट्याचा ताण, एअर फिल्टर, दोन्ही ब्लोअर आलटून पालटून, पंप कोरडा चालू नये, प्रेशर वाढलं की फिल्टरचा बॅकवॉश. हायपो, म्हणजे जंतू मारायचं क्लोरीनचं द्रावण, सावलीत ठेवा, तो आपोआप कमजोर होत जातो. आणि हायपोच्या कॅनजवळ टॉयलेट क्लीनरची बाटली दिसता कामा नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

लॉगबुकबद्दल मला माझी चूक सांगायला हवी. एका सोसायटीत लोकांना रात्री ब्लोअरचा आवाज होत होता. कमिटीने मुलाला तो रात्री बंद ठेवायला सांगितलं आणि मला कळवलं नाही. महिनाभर लॉगबुकात रात्रभर ‘चालू’ आणि टाकी सकाळी काळपट. मी त्याला दोनदा सगळ्यांसमोर झापलं होतं, आकडा बिघडला म्हणून. तिसऱ्यांदा कशाला खरा आकडा लिहील? शेवटी फ्लशच्या टाक्यांना वास सुटला, तेव्हा सगळं बाहेर आलं. त्या दिवसापासून माझ्याकडे नियम आहे: वाईट आकडा लिहिणाऱ्याला बोलायचं नाही, फक्त ‘मग काय केलंस?’ एवढंच विचारायचं. लॉगबुकात शेवटचा रकाना मी वाढवून घेतलाय, ‘आज काय वेगळं दिसलं’. ब्लोअरचा आवाज कमी करायला सायलेन्सर आणि रबरी पॅड आहेत, हे कमिटीला सांगणं मॅनेजरचं काम.

चौथ्या आठवड्यात पहिली एकट्याची रात्र. त्याआधी एकच प्रश्न विचारते: रात्री अकराला लाइट गेली, जनरेटरवर ब्लोअर नाही, पहाटे चारला लाइट आली. काय करशील? धावत खाली जाऊन ब्लोअर लावीन, असं उत्तर आलं तर रात्र पुढे ढकलते. पाच तास हवा नसलेल्या टाकीत गॅस भरलेला असतो, आणि हवा सोडताच तो उसळून खोलीत येतो. आधी दाराबाहेरच्या स्विचने एक्झॉस्ट, दार सताड उघडं, बाहेर थांबायचं. मग गॅस मीटर पुढे धरून आत: ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या वर आणि हायड्रोजन सल्फाइड शून्य असेल तरच. ब्लोअर लावून लगेच बाहेर यायचं, थोड्या वेळाने मीटर धरून पुन्हा बघायचं. कलेक्शन टँक काठोकाठ भरलेला नसेल तर फीड पंप तासभर बंदच. आणि मला फोन, चार वाजले असले तरी.