घरच्या बागेत वाटाणा: आधी जात ठरवा, मग वाफा

वाटाणा नीट येईल की नाही, हे बरंचसं बी मातीत जाण्याआधीच ठरतं. पाकिटावरचं चित्र बघून जात निवडली, तर वेल ऐन फुलोऱ्यात येतो आणि नेमका तेव्हाच उन्हाचा तडाखा सुरू होतो. म्हणून सुरुवात हवामानापासून करा.

थंडीचे दिवस मोजा. वाटाण्याला साधारण 13 ते 18 अंश सेल्सिअस सरासरी तापमान मानवतं. पारा 30 च्या आसपास रेंगाळू लागला की फुलं गळतात, शेंगा भरत नाहीत. तुमच्याकडे उष्मा कधी सुरू होतो ते बघा आणि तिथून उलट मोजा. थंडी जेमतेम दोन-अडीच महिन्यांची असेल तर अर्केल किंवा लिटल मार्व्हलसारखी लवकर येणारी बुटकी जात घ्या. पेरल्यापासून साधारण 60 दिवसांत पहिली तोडणी मिळते. थंडी लांबणारी असेल तर अल्डरमनसारख्या उंच, उशिरा येणाऱ्या जातीचा विचार करता येतो.

काय खायचं ते ठरवा. फक्त दाणे हवे असतील तर सोलायचा वाटाणा. चपट्या, कोवळ्या शेंगा सालासकट खायच्या असतील तर स्नो पी. भरलेले दाणे आणि जाड, रसाळ साल दोन्ही हवं असेल तर स्नॅप प्रकार. सोलायच्या वाटाण्याच्या सालात आतून एक चिवट पापुद्रा असतो, म्हणून ते साल चावलं जात नाही. बाकी दोन प्रकारांत तो जवळजवळ नसतोच. कॅल्व्हिन लॅम्बोर्न यांनी अमेरिकेत तयार केलेली शुगर स्नॅप ही जात 1979 मध्ये बाजारात आली आणि स्नॅप प्रकार घरोघरच्या बागांत पोचला. जागा कमी असेल तर मी स्नॅपच सुचवेन, कारण यात शेंगेचं काहीच वाया जात नाही.

बी गुळगुळीत की सुरकुतलेलं, ते बघा. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने 1856 पासून वाटाण्यावर जे प्रयोग केले, त्यात हा एक गुण होता, आणि तो बागेत आजही कामाला येतो. सुरकुतलेल्या बियांत स्टार्च नीट तयार होत नाही, साखर जास्त राहते. त्या साखरेमुळे कोवळा दाणा पाणी जास्त धरतो आणि वाळल्यावर आक्रसतो. अशा जाती गोड लागतात, पण गार, ओलसर मातीत त्यांचं बी लवकर कुजतं. गुळगुळीत बियांच्या जाती गोडीत कमी, पण काटक. माती थंड आणि चिकट असेल तर पहिली पेरणी गुळगुळीत बियांची करा, गोड जात थोडी नंतर.

उंचीचा हिशेब. बुटक्या जाती 45 ते 75 सेंटिमीटरपर्यंत वाढतात आणि 25-30 सेंटिमीटर खोल कुंडीतही येतात. उंच वेल दीड-दोन मीटर चढतो, पण जास्त दिवस शेंगा देतो. मांडवाला जागा असेल तर उंच जातच लावावी, असं मला ठामपणे वाटतं. आधार मात्र पेरतानाच उभा करा, नंतर खांब ठोकताना मुळं दुखावतात. वेलाचे तंतू जाड बांबूला धरत नाहीत. त्यांना सुतळी, जाळी किंवा बारीक काटक्या लागतात.

पेरणी. पाण्याचा निचरा होणारी भुसभुशीत माती आणि कुजलेलं कंपोस्ट एवढं पुरे. नत्रयुक्त खत टाकू नका, नुसता पाला माजतो. रायझोबियम जिवाणू मुळांवरच्या गाठींमध्ये हवेतला नत्र वेलाला मिळवून देतात. गाठ कापल्यावर आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे असं समजा. जिथे आधी कधीच वाटाणा लावलेला नाही, तिथे बियाण्याला रायझोबियम संवर्धक (हेच जिवाणू असलेलं मिश्रण) चोळून पेरा. बी 3-4 सेंटिमीटर खोल, 5-7 सेंटिमीटर अंतरावर टोका. सगळं एकदम न पेरता थंडी पुरेल तेवढ्यात पंधरवड्याने दुसरा हप्ता पेरा.

पाणी आणि भुरी. फुलं लागल्यापासून शेंगा भरेपर्यंत माती कोरडी पडू देऊ नका. आधी मात्र हात आखडता ठेवा. पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. ती कोरड्या, उबदार दिवसांत हंगामाच्या शेवटी हमखास येते, म्हणून उशिराच्या पेरणीसाठी भुरीला प्रतिकार करणारी जात निवडा.

तोडणी. निवडलेल्या जातीची सगळी गोडी इथे मिळते किंवा जाते. सोलायची शेंग टम्म भरलेली पण अजून तकतकीत असताना, स्नो पी दाणे जेमतेम उमटताना आणि स्नॅप पूर्ण गोल झाल्यावर तोडा. एका हाताने वेल धरा, दुसऱ्याने शेंग; नाहीतर वेल तुटतो. तोडल्यापासून साखरेचं स्टार्च व्हायला लागतं, तेव्हा त्याच दिवशी खा किंवा लगेच थंड जागी ठेवा. एक-दोन दिवसांआड तोडत राहा, कारण वेलावर जून शेंगा राहिल्या की नवी फुलं थांबतात.

आवडलेल्या जातीचं बी घरी धरता येतं. वाटाण्याचं फूल बहुधा उमलण्याआधीच स्वतःच्या परागाने फळतं, त्यामुळे शेजारी दुसरी जात असली तरी सहसा भेसळ होत नाही. सगळ्यात निरोगी वेलावरच्या काही शेंगा खुळखुळ वाजेपर्यंत वाळू द्या. हंगाम संपला की वेल उपटू नका, जमिनीलगत कापा; मुळं तिथेच कुजू द्या. त्या वाफ्यात पुढे पालेभाजी घ्या, आणि वाटाणा तीन-चार वर्षं दुसरीकडे लावा, म्हणजे मर रोगाची बुरशी मातीत साठत नाही.