उरलेला सीफूडचा रस्सा: ठेवायचा कसा आणि परत गरम करायचा कसा

मासे, कोळंबी, शिंपले, माकुळ असं सगळं घालून केलेला रस्सा उरला की तो बऱ्याचदा त्याच पातेल्यात गॅसवर तसाच पडून राहतो, रात्री झोपायच्या आधी कुणाला तरी आठवतं, मग फ्रिजमध्ये सरकवला जातो आणि दुसऱ्या दिवशी "खळखळून उकळून घे, काही होत नाही" असं म्हणत ताटात येतो. ह्या "काही होत नाही"बद्दलच बोलायचंय. उकळल्याने जिवंत बॅक्टेरिया मरतात हे बरोबर आहे, पण त्यांनी तोपर्यंत रश्शात जे विष सोडून ठेवलंय ते दरवेळी जात नाही, त्यामुळे खरं काम दुसऱ्या दिवशी गॅसवर नसतं, ते आदल्या रात्री जेवण झाल्या झाल्या करायचं असतं.

होतं काय ते आधी बघू. अन्नातले बॅक्टेरिया साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधे वाढतात. रस्सा शिजताना बहुतेक मरतात, पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या काहींचे बीजाणू (म्हणजे कठीण कवचात झोपी गेलेलं त्यांचं रूप) उकळीतूनही वाचतात, आणि रस्सा हळूहळू निवायला लागला की तेच बीजाणू जागे होऊन भराभर वाढतात, 43 ते 47 अंश म्हणजे हाताला चांगलं गरम लागेल एवढं तापमान त्यांना सगळ्यात आवडतं. मोठं, खोल, झाकण लावलेलं पातेलं वरून निवलेलं वाटलं तरी मधे कितीतरी वेळ ह्याच तापमानात बसलेलं असतं. दुसरा स्टॅफिलोकॉकस, तो आपल्याच हातावरून किंवा नाकातून येतो, वाढताना विष तयार करतो आणि ते विष उकळूनही टिकतं. आणि तिसरी गोष्ट खास माशांची. ट्यूना, बांगडा, तारली ह्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, मासा नीट थंड ठेवला नाही तर बॅक्टेरिया त्याचं हिस्टामीन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, करतात, आणि हिस्टामीन एकदा तयार झालं की ते शिजवून जात नाही, फ्रीझ करूनही जात नाही. म्हणून ह्या जातींच्या बाबतीत कच्चा मासा घरी आणल्यापासूनच थंड ठेवायला हवा, रस्सा झाल्यावर काळजी घेऊन मागचं भरून येत नाही.

आता वेळ. गॅस बंद केल्यापासून 2 तासांच्या आत रस्सा फ्रिजमध्ये गेला पाहिजे, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर 1 तासात. ह्या 2 तासांत जेवायला बसलेला वेळ पण धरायचा, हे लोक विसरतात, जेवण संपलं तिथून घड्याळ सुरू करतात. गप्पा लांबणार हे माहीत असेल तर लागेल तेवढाच रस्सा टेबलावर घ्या, बाकीचा आधीच थंड करायला लावून टाका. आणि तोंडात घातलेला चमचा परत पातेल्यात जाऊ देऊ नका, घरातलाच माणूस असला तरी.

थंड करायची पद्धत सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मोठ्या पातेल्यातला रस्सा दोन-तीन पसरट, उथळ डब्यांत वाटून घ्या, डब्यात रस्सा 5 सेंटीमीटरपेक्षा खोल नको. सिंकमध्ये किंवा परातीत गार पाणी आणि बर्फ घालून त्यात डबे ठेवा आणि स्वच्छ चमच्याने अधूनमधून ढवळत राहा, नुसतं ठेवून देण्यापेक्षा ढवळल्याने खूप फरक पडतो. मासे-कोळंबी झाऱ्याने वेगळी काढून एका डब्यात आणि पातळ रस्सा दुसऱ्या डब्यात ठेवला तर आणखी उत्तम, दोन्ही पटकन थंड होतात आणि दुसऱ्या दिवशी गरम करताना त्याचा मोठा उपयोग होतो, तो पुढे येईलच. शिंपले कवचासकट असतील तर मांस काढून घ्या आणि कवचं टाकून द्या, नाहीतर ती जागा अडवतात आणि ढवळताना तुटून त्याचे तुकडे दाताखाली येतात.

रस्सा पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवायचाच नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नाही. वाफ गेली, डबा कोमट झाला की ठेवून द्या. अख्खं उकळतं पातेलं आत ठेवलं तर शेजारचं दूध वगैरे गरम होतं आणि पातेलं स्वतःही आतून कोमटच राहतं, म्हणून ते नको, पण उथळ डबा थोडा गरम असताना आत गेला तर फ्रिज तो सहज सांभाळतो. पहिला थोडा वेळ झाकण किंचित तिरकं ठेवा म्हणजे वाफ कोंडत नाही, गार झालं की घट्ट लावा. टोमॅटो, चिंच, लिंबू असं काही आंबट घातलेलं असेल तर ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका, काच किंवा स्टील बरं.

फ्रिज 4 अंशांवर किंवा त्याच्या खाली असावा. फ्रिजमधल्या बटणावरचे 1 ते 5 आकडे म्हणजे तापमान नव्हे, त्यामुळे एक साधं फ्रिज थर्मामीटर आणून मधल्या कप्प्यात ठेवा, एकदा खरा आकडा बघितला की पुष्कळ शंका मिटतात. डबा दारात नको, आत मागच्या बाजूला ठेवा, आणि कच्चे मासे-मटण नेहमी खालच्या कप्प्यात, म्हणजे त्याचं पाणी शिजलेल्या अन्नावर गळणार नाही. डब्यावर तारीख लिहा, चौथ्या दिवशी कुणालाच आठवत नसतं की हे कधीचं आहे.

असा नीट ठेवलेला रस्सा 3 ते 4 दिवस चालतो. माझं मत विचाराल तर दुसऱ्या दिवशीच संपवावा, चव पण तोपर्यंतच चांगली असते, नंतर माशाचा वास उग्र व्हायला लागतो. एवढ्यात संपणार नाही हे दिसत असेल तर पहिल्याच दिवशी फ्रीझ करा, चौथ्या दिवशी फ्रीझरमध्ये टाकून काही कमावत नाही. उणे 18 अंशांवर ठेवलेला रस्सा पुढेही सुरक्षित असतो, पण चवीसाठी 2-3 महिन्यांत संपवा. डब्यात वर थोडी जागा सोडा कारण गोठताना रस्सा फुगतो. बटाटा फ्रीझ करून मऊ भुगा होतो, क्रीम फुटतं, माकुळ आणि कोळंबी चिवट होते, म्हणून जमेल तेव्हा नुसता रस्साच फ्रीझ करावा आणि खायच्या दिवशी त्यात ताजे मासे सोडावेत, माझ्या मते हे सगळ्यात चांगलं. बर्फ वितळवायचा तो रात्रभर फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही. घाई असेल तर घट्ट बंद पिशवी गार पाण्यात ठेवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला, आणि वितळलं की लगेच गरम करा.

लाइट गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण 4 तास थंडावा धरतो, गच्च भरलेला फ्रीझर 48 तास, अर्धा भरलेला 24. त्याच्या वर गेलं तर फ्रिजमधला रस्सा टाकून द्या.

आता गरम करणं. सगळा डबा नाही, जेवढं खाणार तेवढंच काढा, बाकी थंडच राहू द्या. गरम-थंड-गरम असं जितक्या वेळा कराल तितक्या वेळा तो रस्सा मधल्या धोक्याच्या तापमानातून जातो, म्हणून एकदाच गरम करायचा, आणि त्यातूनही ताटात उरलं तर परत डब्यात नाही. आतपर्यंत 74 अंश तापमान यायला हवं. इथे खरी अडचण अशी की कोळंबी, माकुळ जास्त वेळ उकळलं की रबर होतं, म्हणून लोक नुसतं कोमट करून खातात, आणि ते तर अजिबात चालणार नाही. ह्यावर उपाय आहे. नुसता रस्सा आधी खळखळून उकळा, मासे तोवर फ्रिजमध्येच राहू द्या, माशाचे जाड तुकडे असतील तर अर्धे करा, मग ते उकळत्या रश्शात सोडून आच कमी करा आणि झाकण ठेवा, छोटे तुकडे दोन-चार मिनिटांत आतून कडकडीत गरम होतात आणि मऊही राहतात. मग प्रोब थर्मामीटर सगळ्यात जाड तुकड्याच्या मधे घालून बघा. नसेल तर तुकडा मोडून बघा, मधून वाफ निघाली पाहिजे, नुसतं कडेला बुडबुडे आले म्हणजे झालं असं नाही. नारळाचं दूध किंवा क्रीम असेल तर खळखळ उकळी न आणता मंद आचेवर ढवळत गरम करा, वेळ लागतो पण फुटत नाही. लिंबू वरून पिळा, आम्लाने माशाचा वास कमी होतो.

मायक्रोवेव्हमध्ये करणार असाल तर झाकून ठेवा, मधे एकदा बाहेर काढून नीट ढवळा, परत लावा आणि झाल्यावर एक-दोन मिनिटं तसंच राहू द्या, कारण मायक्रोवेव्ह एकसारखं तापवत नाही, एका कोपऱ्यात जीभ भाजते आणि दुसरीकडे गारच असतं. स्लो कुकरमध्ये थंड रस्सा गरम करायला लावू नका, तो तापायला इतका वेळ घेतो की मधल्या मधे बॅक्टेरियांना हवं तेवढं मिळतं. आधी गॅसवर उकळून मग गरम ठेवायला वापरला तर हरकत नाही.

टाकून कधी द्यायचं? रात्रभर बाहेर राहिला तर टाका, हिवाळा असला तरी टाका. आंबूस वास, बुळबुळीतपणा, फेस, ह्यातलं काहीही दिसलं तर टाका. पण वास नाही म्हणजे चांगला आहे असं समजू नका, आजारी पाडणाऱ्या बऱ्याच बॅक्टेरियांना वास-चव काही नसतं, त्यामुळे "जरा चाखून बघते" ही परीक्षा करूच नका. घरात गरोदर बाई, अगदी लहान मूल, वयस्कर माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर त्यांना शिळा रस्सा शक्यतो देऊ नका, लिस्टेरिया नावाचा बॅक्टेरिया फ्रिजमध्येसुद्धा हळूहळू वाढतो, आणि द्यायचाच झाला तर दुसऱ्याच दिवशी, वाफाळता.

आणि खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत चेहरा लाल झाला, तोंडात चुरचुरलं, डोकं दुखलं, अंगावर पुरळ आलं, छाती धडधडली तर ते हिस्टामीनचं असू शकतं, डॉक्टरांना फोन करा. श्वासाला त्रास होत असेल किंवा ओठ-जीभ सुजली तर थेट हॉस्पिटल, कारण ती माशाची ॲलर्जीही असू शकते आणि त्यात थांबायला वेळ नसतो. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएस थोडं थोडं घोटभर देत राहा, रक्त पडलं, ताप चढला किंवा लघवी कमी झाली तर डॉक्टरकडे न्या आणि कोणता मासा होता, कधी शिजवला, किती वाजता खाल्ला हे त्यांना नीट सांगा.