प्लास्टर घालून घरी आणलेल्या रुग्णाची काळजी कशी घ्यावी

हाड डॉक्टर जुळवून देतात, पुढची राखण घरच्यांची. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत जपायचे, कारण सूज तेव्हाच वाढते आणि प्लास्टर काही सैल होत नाही.

घरी येताच मोडलेला हात किंवा पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवा. मग दर दोन तासांनी बोटं पाहा, रात्रीसुद्धा. नख दाबून सोडलं की दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटं हलवायला सांगा, स्पर्श कळतो का विचारा. बोटं थंड, निळसर किंवा बधिर पडली, गोळी घेऊनही कळ वाढत गेली, बोट नुसतं ताणलं तरी असह्य दुखलं, तर सकाळची वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा. आतला दाब रक्तपुरवठा अडवतो आणि काही तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात.

पांढरं प्लास्टर पुरतं वाळायला दोन-तीन दिवस लागतात, पुण्याच्या पावसाळ्यात जरा जास्तच. तोवर ते बोटांनी न दाबता तळहातांवर उचला. खाज सुटली तरी आत विणायची सुई किंवा पट्टी घालू नका. जखम झाली तर ती दिसत नाही आणि आतच चिघळते.

खुब्याचं हाड मोडलेल्या आजी-आजोबांचं काम मोठं. ते स्वतः हलत नसतील, तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दर दोन तासांनी कूस बदलून द्या. माकडहाड आणि टाचा रोज उघड्या करून पाहा. दाबूनही न जाणारी लाली म्हणजे बेडसोरची, म्हणजे सतत पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची सुरुवात. टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली उशी द्या. दीर्घ श्वास घ्यायला लावा. पोटरी सुजून दुखू लागली तर कुणी कितीही आग्रह केला तरी मालिश नको. आत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली तर लगेच १०८ ला फोन करा.

पेठांतल्या जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहत असाल, तर काही आठवडे तळमजल्यावरच्या नातेवाइकांकडे सोय बघा. उकिडवं बसणं टाळायला कमोडची खुर्ची आणा, ती भाड्यानंही मिळते.

जेवणात दूध, डाळी, अंडी, नाचणी, तीळ असू द्या. काही वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नाही, म्हणून पाणी आणि भाज्या वाढवा. विडी-सिगारेट मात्र बंदच. तिनं हाड जुळायला उशीर होतो.

पायावर किती भार द्यायचा, हे डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद वॉकरजवळच चिकटवा, म्हणजे रात्रपाळीच्या मावशींनाही तो दिसेल.