एपीआयमधली नावं कशी ठरवावीत: वापरणाऱ्याच्या ओळीत वाचून बघा

एपीआय म्हणजे एखाद्या प्रोग्रामने इतरांना वापरायला दिलेली फंक्शन्स. फंक्शन लिहिणारा ते एकदाच लिहितो. वापरणारे ते दहा ठिकाणी वापरतात आणि त्यातल्या बहुतेकांनी आतला कोड उघडूनही पाहिलेला नसतो. त्यांच्यापुढे असतं ते फक्त नाव आणि कंसातले दोन-चार पॅरामीटर, म्हणजे फंक्शनला द्यायची माहिती. त्यामुळे नाव जिथे वापरलं जाणार आहे त्या ओळीत ते वाचून बघावं, हा माझा आग्रह. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच निघतात. उदाहरण म्हणून एखाद्या पतसंस्थेचं कर्जाचं मॉड्यूल घेऊ: कर्ज मंजूर करायचं, व्याज काढायचं, थकबाकी दाखवायची. (नावं इथे देवनागरीत लिहितोय; कोडमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये असतील.)

पायरी १: आधी कॉल लिहा, फंक्शन नंतर

रिकामी फाइल उघडा, फंक्शन तयार आहे असं समजा आणि ते वापरणाऱ्या पाच-सहा ओळी, म्हणजे कॉल, लिहून काढा. 'लोन.प्रोसेस(ट्रू, फॉल्स)' असं काही उमटलं की तिथेच थांबा. प्रोसेस म्हणजे कर्ज मंजूर केलं, रक्कम खात्यात टाकली, की नुसते कागद तपासले? आणि ते ट्रू-फॉल्स कशाबद्दल? व्याख्येत त्यांना नीट नावं दिलेली असतील, पण कॉलच्या ओळीत ती दिसत नाहीत. पायथनमध्ये यावर सोपा उपाय आहे: पॅरामीटरच्या यादीत मधे एक सुटी तारका टाकली की तिच्यानंतरचे सगळे पॅरामीटर नाव लिहूनच द्यावे लागतात. जिथे ही सोय नाही तिथे सरळ 'अप्रूव्ह' आणि 'डिसबर्स' अशी दोन फंक्शन्स करा. प्रोसेस, हँडल, मॅनेज ही क्रियापदं दिसली, की काम नेमकं काय हे लिहिणाऱ्याचंच अजून ठरलेलं नाही असं खुशाल समजा.

पायरी २: ते विचारतंय की करतंय?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात महाग चुका इथेच होतात.

सी प्लस प्लसच्या व्हेक्टरमध्ये 'एम्प्टी' नावाचं फंक्शन आहे. नवख्या माणसाला वाटतं, याने यादी रिकामी होईल. ते फक्त यादी रिकामी आहे का एवढंच सांगतं. रिकामी करायची तर 'क्लिअर' वापरावं लागतं. सी प्लस प्लस २० मध्ये या 'एम्प्टी'ला 'नोडिस्कार्ड' ही खूण लावली गेली, म्हणजे उत्तर न वापरता नुसतंच बोलावलं तर कंपायलर इशारा देतो. रूबीत हा घोळ होत नाही, तिथे नावातच शेवटी प्रश्नचिन्ह असतं. तुमच्या भाषेत ते चालत नसेल तर 'इज', 'हॅज', 'कॅन' यांनी सुरुवात करा.

क्रम लावण्याचंही तसंच. पायथनमध्ये 'सॉर्ट' मूळ यादीच बदलतं आणि 'नन', म्हणजे काहीच नाही, परत करतं. 'सॉर्टेड' नवी यादी देतं, जुनीला हात लावत नाही. क्रियापद आणि विशेषण यांच्यातल्या फरकावर सगळं पेललंय, आणि ते पेलतंही. जावास्क्रिप्टचं 'सॉर्ट' मात्र लबाड आहे: मूळ ॲरे बदलतं आणि वर तोच परतही करतं, त्यामुळे हातात नवा ॲरे आला असं वाटतं. न बदलणारं 'टूसॉर्टेड' तिथे अधिकृतपणे यायला २०२३ उजाडलं.

आता पतसंस्थेकडे या. 'गेट ओव्हरड्यू' हे फंक्शन थकबाकी सांगता सांगता खात्यावर दंडव्याजही टाकत असेल, तर मॅनेजरने रिपोर्ट दोनदा उघडला म्हणून कर्जदाराला दंड दोनदा लागेल. 'गेट' म्हटलं की माणूस ते बिनधास्त कितीही वेळा बोलावतो. दंड टाकण्याचं काम 'अप्लाय पेनल्टी' असं वेगळं करा. वेळखाऊ कामालाही 'गेट' शोभत नाही. नेटवर्कवरून माहिती आणायची असेल तर 'फेच' किंवा 'डाउनलोड' म्हणा. जावाच्या 'यूआरएल' क्लासचं 'इक्वल्स' दोन पत्ते सारखे आहेत का हे ठरवायला थेट डीएनएसकडे, म्हणजे नावावरून इंटरनेटवरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेकडे, विचारणा करू शकतं. नुसत्या तुलनेसाठी कोणी इंटरनेटवर जाईल, हे नावावरून कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

पायरी ३: आकडा असेल तर एकक सांगा

'कॅल्क्युलेट इंटरेस्ट(१०००००, १२, १)' यातले १२ म्हणजे वर्षाला १२ टक्के, की १२ महिने? आणि १ हे वर्ष की महिना? शाळेच्या गणितात आपण व्याजाचा दर 'द.सा.द.शे.' असा लिहायचो: दर साल, दर शेकडा. किती काळाला आणि किती रकमेवर, दोन्ही चार अक्षरांत. पॅरामीटरचं नाव 'रेट' न ठेवता 'ॲन्युअल रेट पर्सेंट' ठेवलं की तेच काम होतं. लांब होतं, होऊ द्या; टाइप करायचं काम एडिटर करतो.

वेळेचा घोळ तर रोजचाच. जावास्क्रिप्टचं 'सेटटाइमआउट' मिलिसेकंद मोजतं, पायथनचं 'टाइम.स्लीप' सेकंद. पैशांचंही तेच: ऑनलाइन पैसे स्वीकारायची सोय देणाऱ्या रेझरपेच्या एपीआयमध्ये ५०० रुपयांसाठी 'अमाउंट' ५०००० द्यावा लागतो, कारण तो रुपयांत नव्हे, पैशांत असतो. त्यांच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलंय, पण कॉलच्या ओळीत दस्तऐवज दिसत नाही. तुमच्या फील्डला 'अमाउंट इन पैसे' म्हणा.

१९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोहोचून नष्ट झालं, ते एककांच्या याच गोंधळात. इंजिनाच्या धक्क्याचे आकडे एक प्रणाली पाउंड-फोर्स सेकंदांत देत होती, दुसरी ते न्यूटन सेकंद समजून वाचत होती. निव्वळ नावामुळे ते गेलं असं म्हणता येणार नाही, तपासण्यांतही ढिलाई होती. तरी उघडा आकडा किती धोक्याचा, हे त्यावरून कळतं. भाषेत सोय असेल तर एककासाठी वेगळा टाइपच वापरा, गो भाषेतल्या 'ड्युरेशन'सारखा. मग नावावरचा भार कमी होतो.

पायरी ४: शब्द काउंटरवरून उचला

पतसंस्थेत सभासद, नाममात्र सभासद, ठेवीदार, कर्जदार, जामीनदार ही वेगवेगळी माणसं आहेत, त्यांचे हक्क वेगळे आहेत. कोडमध्ये सगळ्यांना 'यूजर' करून टाकलं, की जामीनदाराला कर्जदाराची नोटीस जायला वेळ लागत नाही. काउंटरवरचा क्लार्क जिथे वेगळा शब्द वापरतो तिथे तुम्हीही वेगळं नाव द्या. 'मिडल नेम'चंही तसंच: आपल्याकडे त्या जागी वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं. कागदपत्रं जुळवायची असतील तर त्यातलं कोणतं, हे फील्डच्या नावातच यायला हवं.

एकदा शब्द ठरला की तो बदलू नका. एकीकडे 'डिलीट' आणि दुसरीकडे 'रिमूव्ह' असेल, तर वाचणारा त्यात नसलेला फरक शोधत बसतो. पॅरामीटरच्या क्रमालाही हाच नियम. जिच्यात शोधायचं ती गवताची गंजी आणि जे शोधायचं ती सुई म्हटलं, तर पीएचपीत 'स्ट्रपॉस'ला आधी गंजी द्यायची, मग सुई. 'इन ॲरे'ला आधी सुई, मग गंजी. वर्षानुवर्षं पीएचपी लिहिणारेही हे पुन्हा पुन्हा मॅन्युअलमध्ये बघतात.

पायरी ५: काम फसलं तर काय, तेही कळू द्या

सी शार्पमध्ये मजकुरातून आकडा काढणाऱ्या 'पार्स'ला वाकडा आकडा दिला तर ते एक्सेप्शन फेकतं, म्हणजे चूक जाहीर करून काम थांबवतं; 'ट्रायपार्स' मुकाट्याने फॉल्स देतं. एवढं पुरतं. धोकादायक गोष्ट असेल तर नाव मुद्दाम कुरूप ठेवा: रिॲक्टमधलं 'डेंजरसली सेट इनर एचटीएमएल' लिहिताना हात आपोआप थबकतो, आणि रिव्ह्यूत ते लांबूनच दिसतं.

पायरी ६: झाकून परीक्षा घ्या

फक्त नावं आणि पॅरामीटर यांची यादी काढा, टीमबाहेरच्या सहकाऱ्याला द्या आणि प्रत्येक फंक्शन काय करेल हे त्याला सांगायला लावा. तुम्ही मधे बोलायचं नाही. 'म्हणजे त्याचं असं आहे की...' हे तोंडून निघालं, तर ते नाव बदलायच्या यादीत टाका.

पायरी ७: बाहेर पडण्याआधी स्पेलिंग, नंतर शिस्त

वेबपानं मागवायच्या एचटीटीपी या पद्धतीत, वाचक कोणत्या पानावरून आला हे सांगणाऱ्या 'रेफरर' या हेडरच्या स्पेलिंगमधला एक 'आर' सुरुवातीलाच गळला आणि १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजातही ते तसंच छापलं गेलं. पुढे आलेल्या 'रेफरर पॉलिसी' या हेडरचं स्पेलिंग बरोबर आहे, म्हणजे आता दोन्ही लक्षात ठेवा. नाव एकदा लोकांच्या कोडमध्ये गेलं की ते तुमचं राहत नाही.

तरी बदलावंच लागलं तर नवं नाव आणा, जुन्याला आतून नव्याकडे वळवा आणि ते जुनं झाल्याची खूण लावा. एपीआय तुमच्या सर्व्हरवर चालत असेल, तर जुन्या नावाने आलेल्या प्रत्येक कॉलची लॉगमध्ये नोंद ठेवा. काही आठवड्यांनी ती नोंद उघडा, उरलेल्यांना तारीख देऊन कळवा आणि कॉल थांबल्यावरच जुनं काढा. वापरणारे कोण हे शोधताच येत नसेल, तर जुनं नाव तसंच चालू ठेवा आणि दस्तऐवजातून तेवढं हटवा.