नवी घोडी गाभण आहे का? ओळखताना या चुका टाळा

नवी घोडी आणली की पहिले काही आठवडे आपलं सगळं लक्ष तिच्या खुरांकडे, दातांकडे आणि स्वभावाकडे असतं. ती गाभण असेल ही शंका येते ती पोट खाली उतरल्यावर किंवा कास भरल्यावर, म्हणजे अगदी शेवटी. घोडीचा गाभणकाळ सरासरी 340 दिवसांचा. 320 ते 365 दिवसांत कधीही व्यायली तरी ते स्वाभाविकच. त्यातले पहिले सात-आठ महिने नुसतं बघून काहीच खात्रीने सांगता येत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मागच्या वर्षभरात ती कुठे होती हे पक्कं ठाऊक नसेल, तर तपासणी होईपर्यंत तिला गाभणच समजा.

विकणाऱ्याला अर्धाच प्रश्न विचारणं

"गाभण आहे का?" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर मिळतं आणि आपण निश्चिंत होतो. पुष्कळदा त्या "नाही"चा अर्थ एवढाच असतो की आम्ही तिला मुद्दाम भरवलं नाही. विचारायचं ते असं: ती कोणत्या घोड्यांबरोबर चरत होती? त्यात खच्ची न केलेला नर होता का? वर्ष-दीड वर्षाचं नर शिंगरूसुद्धा घोडी फळवू शकतं, आणि त्याच वयाची मादी माजावर येऊ शकते. नुकत्याच खच्ची केलेल्या घोड्यातही काही आठवडे शुक्रजंतू शिल्लक राहू शकतात. मध्ये दलाल असेल तर त्याच्याकडे येण्याआधीचा मालक शोधा.

पोटावरून ठरवणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, दोन्ही बाजूंनी. निकृष्ट, जाडाभरडा चारा, जंत, वय झाल्यामुळे सैल पडलेले पोटाचे स्नायू, यांपैकी कशानेही रिकाम्या घोडीचं पोट लोंबतं. अशा वेळी पाठीवरून हात फिरवून पाहा. कणा आणि बरगड्या हाताला लागत असतील, पाठीवर मांस नसेल, तर आधी चारा आणि जंत यांचा विचार करा. पण तेवढ्यावरून गाभण नाही असंही ठरवू नका. हडकुळी घोडीही गाभण असू शकते. उलट पहिलटकरीण घोडी शेवटच्या महिन्यापर्यंत बांधेसूद दिसते, आणि तिच्यावर कुणी संशयही घेत नाही.

सातव्या-आठव्या महिन्यानंतर कुशीजवळ शिंगराची हालचाल दिसू शकते. घोडी थंड पाणी प्यायली की शांतपणे उभं राहून बघा. आतड्यांची हालचाल संथ लाटेसारखी सरकते, शिंगराची लाथ एकदम झटका देते. झटका दिसला नाही म्हणून पोट रिकामं, असं मात्र नाही.

माजाचा चुकीचा अर्थ लावणं

माज दर 21 दिवसांच्या आसपास येतो आणि पाच ते सात दिवस टिकतो. पण हिवाळ्यात, दिवस लहान झाले की अनेक घोड्यांचा माज आपोआप थांबतो, आणि काही गाभण घोड्या माजाची लक्षणं दाखवतात. त्यामुळे माज आला किंवा आला नाही, यातून काहीच सिद्ध होत नाही.

चुकीच्या वेळी चुकीची तपासणी

सोनोग्राफी सर्वांत भरवशाची. गर्भ साधारण 14 ते 16 दिवसांचा झाला की पशुवैद्यकाला तो दिसतो आणि जुळी आहेत का हेही कळतं. घोडीच्या बाबतीत जुळी धोक्याचीच. फळल्याची तारीख माहीत नसेल तर एका "नाही"वर थांबू नका, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करून घ्या. साधारण 40 ते 120 दिवसांच्या दरम्यान रक्तातल्या एका संप्रेरकाची चाचणी होते, पण त्या टप्प्यात गर्भ मेला तरी ती काही काळ होकारच देत राहते. चार महिन्यांनंतर इस्ट्रोन सल्फेट या दुसऱ्या संप्रेरकाची चाचणी उपयोगी, कारण ते जिवंत गर्भ असेल तरच वाढलेलं राहतं. माणसांचं प्रेग्नन्सी किट घोडीला चालत नाही. आणि गुदद्वारातून हात घालून तपासणं फक्त पशुवैद्यकाचं काम. तिथलं आतडं फाटलं तर घोडी जाऊ शकते.

तपासणीआधीच औषधं देणं

पशुवैद्यकाला पहिलंच वाक्य सांगा: "ही गाभण असू शकते." माजावर आणण्यासाठी दिलेल्या प्रोस्टाग्लँडिनच्या इंजेक्शनने गर्भ पडू शकतो. जंतांचं औषधही विचारूनच द्या. प्रवास करून आलेल्या घोडीला दोन-तीन आठवडे वेगळं बांधा, कारण घोड्यांमधल्या एका हर्पीस विषाणूमुळे गर्भपात होतात. गाभण ठरली तर त्याविरुद्धची लस सामान्यतः पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात देतात.

कास पिळून बघणं

व्यायच्या दोन ते सहा आठवडे आधी कास भरू लागते आणि शेवटच्या एक-दोन दिवसांत सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब जमतात. पहिलटकरीण कधी कधी शेवटच्या क्षणी कास भरते. दूध आलंय का ते बघायला सड पिळू नका. तो चीक शिंगराचा आहे, आणि जन्मल्यावर पहिल्या काही तासांत तोच त्याला रोगांपासून वाचवतो.

आणखी एक गोष्ट नव्या मालकाच्या सहसा लक्षात येत नाही. हवा आणि घाण आत जाऊ नये म्हणून काही घोड्यांच्या योनीमुखाचा वरचा भाग शिवलेला असतो. ही शिवण व्यायच्या काही आठवडे आधी पशुवैद्यकाकडून उघडून घ्यावी लागते, नाहीतर शिंगरू बाहेर येताना तो भाग फाटतो. घोडी आणली त्याच दिवशी, चांगल्या उजेडात, बाजूला उभं राहून शेपटी धरा आणि तिथे शिवणीचा व्रण आहे का ते बघून घ्या.