दोन भाषांच्या वर्गात शिक्षक होताना

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा भागातल्या एका निवासी कर्णबधिर विद्यालयात मी बारा वर्षांपासून शिकवते आहे, आणि गेली काही वर्षे नव्याने येणाऱ्या विशेष शिक्षकांच्या सराव पाठांचे मार्गदर्शनही माझ्याकडे आहे. आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारतो : "मॅडम, किती खुणा पाठ कराव्या लागतील?" खुणा पाठ होतात, त्याची काळजी नको. भारतीय सांकेतिक भाषा आणि मराठी या दोन स्वतंत्र भाषा आहेत हे हातात, नजरेत आणि फळ्यावर उतरवायला मात्र फार वेळ लागतो, आणि प्रशिक्षणाची खरी मेहनत तिथेच आहे.

या क्षेत्रात येण्याचा रस्ता सरळ आहे. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणातील डी.एड. किंवा बी.एड. हा श्रवणदोष विषयातील अभ्यासक्रम पूर्ण करावा आणि परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवावे. त्या नोंदणीशिवाय नेमणूक होत नाही. मात्र पदवी हातात आली म्हणजे सांकेतिक भाषा आली असे समजू नये. तिच्यासाठी वेगळे शिकावे लागते. दिल्लीचे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द आले. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तर १९८३ पासून या कामात आहे. दोन्हींची माहिती नीट वाचून मगच अर्ज करावा.

माझी स्वतःची चूक इथे सांगणे आवश्यक वाटते, कारण जवळपास प्रत्येक नवा शिक्षक तीच करतो. पहिल्या वर्षी मी तोंडाने मराठी बोलत असे आणि त्याच वेळी हातांनी खुणा करत असे. एका पाठात दोन्ही भाषा दिल्या, असे समाधान मला वाटायचे. आमच्या शाळेतील कर्णबधिर सहशिक्षकांनी माझा एक पाठ मोबाइलवर चित्रित केला आणि आवाज पूर्ण बंद करून तो मला पाहायला लावला. हातांवर निम्मीअधिक वाक्ये अर्धीच राहिली होती, सांकेतिक भाषेत प्रश्न भुवयांवरून कळतो, तरी प्रश्न विचारताना माझ्या भुवया हलत नव्हत्या आणि प्रत्ययांचा तर मागमूस नव्हता. ऐकू येणाऱ्या माझ्या मेंदूने गाळलेले सारे आवाजाने भरून काढले होते, मुलांपर्यंत तो आवाज पोहोचतच नव्हता. त्या दिवसापासून सांकेतिक भाषेत सांगताना मी बोलत नाही, आणि मराठीची वेळ आली की फळ्याकडे वळते. प्रशिक्षणार्थींनाही दर पंधरवड्याला स्वतःचा एक पाठ असाच निःशब्द पाहायला सांगते.

दोन भाषा वेगळ्या ठेवल्या की त्यांची तुलना करता येते, आणि ती तुलना हेच व्याकरण शिकवण्याचे उत्तम साधन आहे. चौथीतील एका मुलीने वहीत लिहिले होते, "आई मुलाने भाकर दिला." तिला प्रसंग पूर्ण समजला होता, चूक मराठीच्या घडणीत होती. आमच्या सहशिक्षकांनी हवेत डाव्या बाजूला आईची जागा ठरवली, उजव्या बाजूला मुलाची, आणि 'देणे' ही खूण डावीकडून उजवीकडे नेली. सांकेतिक भाषेत कोणी कोणाला दिले हे हाताची दिशाच सांगते. मग फळ्यावर तेच चित्र काढून आईखाली 'ने' आणि मुलाखाली 'ला' लिहिले, आणि दिशा उलटी केल्यावर हे दोन प्रत्ययही जागा बदलतात हे मुलीकडूनच करवून घेतले. 'दिला' की 'दिली' हे भाकरीवरून ठरते, आईवरून नाही, ही गोष्ट दुसऱ्या दिवसासाठी ठेवली. एका पाठात एकच गाठ सोडवावी, असा माझा आग्रह असतो.

आपल्या भागात यात आणखी एक पदर आहे. घरची बोली वऱ्हाडी असल्याने आईबाप 'पोराले' म्हणतात आणि पुस्तकात 'पोराला' छापलेले असते. ज्या मुलाला थोडेफार ऐकू येते, किंवा जे ओठांकडे पाहून अर्थ लावते, त्याला ही तफावत गोंधळात टाकते. ओष्ठवाचनावर फार भिस्त ठेवू नये : 'पाय' आणि 'माय' ओठांवर सारखेच दिसतात, हे आरशासमोर उभे राहून स्वतः पाहावे.

बहुसंख्य कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकू शकणारे असतात, त्यामुळे मूल शाळेत येते ते बहुधा घरगुती खुणांच्या तुटपुंज्या शिदोरीवर. आमच्याकडे सात वर्षांचा एक मुलगा आला तेव्हा त्याच्याजवळ कापूस वेचण्यासाठी, बैलासाठी, तापासाठी आणि 'बाबा बाजारात गेले' यासाठी खुणा होत्या. उद्या, का, आणि स्वतःचे नाव यांसाठी काहीच नव्हते. अशा खुणा चुकीच्या ठरवू नयेत. गृहभेटीत त्या वहीत नोंदवाव्यात, चित्रित कराव्यात आणि त्यांच्या आधारे सांकेतिक भाषेतील खुणा द्याव्यात.

लेखनासाठीही मुलाचाच अनुभव घ्यावा. तान्हा पोळा झाला की आम्ही मुलांना लाकडी बैलाची हकिकत आधी सांकेतिक भाषेत सांगायला लावतो, ती चित्रित करतो, पुन्हा पाहतो, आणि मग एकेक प्रसंग मराठीत लिहितो. सांगायला काही असलेले मूल लिहायला घाबरत नाही.

आणि शेवटी सर्वांत महत्त्वाची सूचना. वर्गातील कर्णबधिर सहशिक्षक तुमचा मदतनीस नव्हे, भाषेपुरता तो तुमचा गुरू आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ सांकेतिक भाषेत पात्र असलेल्या दिव्यांग शिक्षकांच्या नेमणुकीची तरतूद करतो, तरी अनेक शाळांत असे एकही शिक्षक नाहीत. याची मला खंत वाटते. तुमच्या शाळेत ते असतील तर पाठाची टाचणे आदल्या दिवशी त्यांना दाखवा. नसतील तर निदान संध्याकाळी वसतिगृहात बसा, जेवणानंतर मोठी मुले लहानांना दिवसाच्या गोष्टी सांगतात तेव्हा. वही बंद ठेवा, हात मांडीवर ठेवा आणि पहिले काही आठवडे फक्त पाहा.