अँकरचं बदलाचं वर्ष कसं काढायचं

चॅनल बदलायचंय, सकाळचं बुलेटिन सोडून प्राईम टाईमला जायचंय किंवा टीव्हीच सोडून डिजिटलला जायचंय, यातलं काहीही असलं तरी ते वर्ष नुसतं वाट बघण्यात घालवू नका. बहुतेक अँकर या काळात एकच चिंता करत बसतात, स्क्रीनवर दिसलो नाही तर लोक विसरतील. मला विचाराल तर चेहरा लोकांच्या बऱ्यापैकी लक्षात राहतो, पण लाईव्हचा सराव एकदा सुटला की परत हात बसायला फार वेळ लागतो, म्हणून आधी तो जपा.

पण त्याच्याही आधी कागद बघा. राजीनामा द्यायच्या आधी करार काढून नीट वाचा, नोटीस पीरियड किती, नॉन-कॉम्पिटची (सोडल्यावर काही काळ दुसऱ्या चॅनलला न जाण्याची) अट आहे का आणि असली तर किती महिन्यांची, आणि ज्या अकाउंटवर तुमचे फॉलोअर्स आहेत ते तुमच्या नावावर आहे का चॅनलच्या. बुलेटिनच्या फुटेजचे हक्क साधारणपणे चॅनलकडेच असतात, त्यामुळे शोरीलसाठी, म्हणजे नोकरी मागताना दाखवायच्या आपल्या कामाच्या छोट्या व्हिडिओसाठी, क्लिप्स वापरायच्या असतील तर मेलवर परवानगी घेऊन ठेवा, तोंडी "घे रे, काय होतंय" वर विसंबू नका, हो म्हणणारा माणूस उद्या त्या खुर्चीत असेलच असं नाही. शोरील दोन-तीन मिनिटांचं पुरे, आणि सुरुवातीला म्युझिकवाला मोंताज नको, थेट लाईव्ह ब्रेकिंगचा तुकडा टाका, बघणाऱ्याला तेच बघायचं असतं.

आता सराव. ब्रेकिंग आली की काय होतं आठवा, प्रॉम्प्टरवर, म्हणजे बघून वाचायच्या पडद्यावर, काहीच नाही, कानात प्रोड्युसर सांगतोय की रिपोर्टर अजून फोनोवर (लाईव्ह फोनवर) आलेला नाही, अर्धा मिनिट ओढ, आणि तेव्हाच पीसीआरमधला, म्हणजे कंट्रोल रूममधला, सगळा आवाज टॉकबॅकवर (कानातल्या लाईनवर) येतोय, आणि तुम्ही मात्र वाक्य न तोडता बोलत राहायचं. हे घरी करता येतं. एका कानात कुठलाही पॉडकास्ट लावा, समोर आवाज बंद करून एखादं लाईव्ह फीड ठेवा आणि जे दिसतंय तेवढंच तीन मिनिटं बोला, अंदाज नको, विशेषणं नकोत. रेकॉर्ड करून ऐका. "आपण पाहू शकता", "या ठिकाणी" असली भरताड किती वेळा आली ते मोजा, रोज थोडी कमी करत जा. आठवड्यातून एखादी बातमी स्वतः फोन करून मिळवा, चार सोर्स टिकले तर नवीन न्यूजरूममध्ये तुम्हाला कोणी नुसतं वाचणारा समजणार नाही.

डिजिटलला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट, स्टुडिओचा कॅमेरा लांब असतो, फोन हातभर अंतरावर, त्यामुळे डोळे वाचायला फिरले की लगेच दिसतं. स्क्रिप्ट पाठ करू नका, तीन मुद्दे लक्षात ठेवून बोला, आवाजही स्टुडिओतल्यासारखा चढा लावू नका.

जाताना घाई नको. अमेरिकेतल्या एनबीसी चॅनलने आपले अँकर टॉम ब्रोकॉ यांच्या जागी ब्रायन विल्यम्स येणार हे २००२ मध्येच जाहीर केलं होतं आणि ब्रोकॉ यांनी शेवटचं बुलेटिन केलं १ डिसेंबर २००४ ला, म्हणजे प्रेक्षकांना सवय व्हायला भरपूर वेळ मिळाला. एवढा वेळ आपल्याला कोण देणार, पण निदान शेवटच्या बुलेटिनमध्ये दोन ओळींचा निरोप मागून घ्या आणि त्यात डेस्क, कॅमेरा, मेकअप, सगळ्यांची नावं घ्या. पुढे रेफरन्स विचारला गेला की हीच माणसं बोलतात.

नवीन जागी पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवर फार जाऊ नका. अमेरिकेतल्याच अँकर केटी कुरिक २००६ मध्ये एनबीसीच्या सकाळच्या शोमधून सीबीएस चॅनलच्या संध्याकाळच्या बुलेटिनला आल्या तेव्हा पहिल्या दिवशी प्रेक्षक तुटून पडले, पण पुढे ते बुलेटिन तिसऱ्या नंबरवरच राहिलं. म्हणून जॉईन होतानाच विचारून घ्या की फॉरमॅट कोण ठरवणार, रनडाऊनच्या, म्हणजे बातम्यांचा क्रम ठरवायच्या, मीटिंगला तुम्ही बसणार का, आणि तुमचं काम किती महिन्यांनी, कशावरून जोखलं जाणार, आणि जे उत्तर मिळेल ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.